सांध्यावर अडलेला माल : जबलपूर–नागपूर वाट आणि युरोपचा धडा

जबलपूर आणि नागपूर या दोन शहरांमधील अंतर रस्त्याने सुमारे 270 किलोमीटर आहे; लोहमार्गाने मात्र इटारसीचा वळसा घेतला तर ते साडेपाचशे किलोमीटरच्या घरात जाते आणि गोंदियावरून गेले तरी साडेतीनशेच्या वर भरते. जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे, हावडा–मुंबई या देशातील अत्यंत जुन्या लोहमार्गावरील ते प्रमुख स्थानक आहे, आणि तरीही विदर्भाकडे जाणारा बराचसा किरकोळ व नाशवंत माल लखनादौन, सिवनी, पेंच या वाटेने ट्रकमधून जातो. असे का घडते, याचा शोध घेतला तर मालवाहतूक रस्त्यावरून रुळांवर आणण्याच्या जागतिक प्रश्नाचे बहुतेक पैलू या एकाच वाटेवर सापडतात. धावत्या मालगाडीशी ट्रकला खर्चात बरोबरी करता येत नाही. पण जिथे मालाला हात बदलावा लागतो, थांबावे लागते किंवा वळसा घ्यावा लागतो, तिथे रेल्वेची ही आघाडी संपते. माल रेल्वेच्या हातून निसटतो तो अशा सांध्यांवर, आणि म्हणून तो परत आणायचा तर दुरुस्तीही तिथेच करावी लागते.

रेल्वेची ही आघाडी मुळात कशातून येते, हे प्रथम पाहणे योग्य ठरेल. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा दोन्ही पृष्ठभाग फारसे दबत नाहीत आणि त्यामुळे गतीला होणारा विरोध, ज्याला लोटण-घर्षण म्हणता येईल, डांबरी रस्त्यावरील रबरी टायरच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी असतो. त्याशिवाय पन्नास-साठ वाघिणी एकामागोमाग जोडल्यामुळे दर वाघिणीमागे हवेचा विरोध कमी होतो आणि एका इंजिनाच्या, फार तर दोन इंजिनांच्या बळावर हजारो टन माल ओढला जातो. वाहतुकीचे मोजमाप टन-किलोमीटर या एककात होते. एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर होतो. युरोपीय पर्यावरण संस्थेने 2018 सालासाठी केलेल्या गणनेत युरोपमधील रेल्वे मालवाहतुकीचे उत्सर्जन दर टन-किलोमीटरला 24 ग्रॅम, तर अवजड ट्रकचे 137 ग्रॅम इतके दिसून आले. भारतात ब्रॉडगेज जाळ्याचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले असल्याने डिझेलची आयात वाचवण्याचा लाभही त्यात मिळवावा लागतो. असे असूनही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातील मालवाहतुकीचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भार वाहणाऱ्या रेल्वेचा वाटा आज तीस टक्क्यांच्या खाली आला आहे, आणि राष्ट्रीय रेल्वे योजनेने तो 2030 पर्यंत 45 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

बैलांच्या पाठीवरून वाघिणीत

जबलपूरच्या वाटेने रस्त्यावरून रुळांवर असे स्थित्यंतर एकदा अनुभवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नागपूर आणि वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर लादून, जबलपूरमार्गे मिर्झापूरच्या बाजारात जात असे आणि तेथून गंगेतील नावांमधून कलकत्त्याला पोहोचत असे. हा प्रवास महिनोन्‌महिने चाले. पावसाळ्यात वाट बंद पडे, वाटेत चारा-पाणी न मिळाल्यास बैल दगावत, आणि उघड्यावरील कापूस धुळीने व ओलाव्याने खराब होई. फेब्रुवारी 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोहोचली आणि तो कापूस थेट मुंबईकडे वळला. मिर्झापूरच्या कापूस बाजाराला त्यानंतर उतरती कळा लागली. त्याच वर्षी ईस्ट इंडियन रेल्वेची अलाहाबादहून आलेली शाखा जबलपूरला येऊन थांबली, आणि मार्च 1870 मध्ये इटारसीकडून आलेला पेनिन्शुला कंपनीचा मार्ग तिला जबलपुरात जोडला गेला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत झालेल्या या उद्‌घाटनाने मुंबई आणि कलकत्ता ही दोन बंदरे प्रथमच अखंड लोहमार्गाने जोडली गेली.

या जोडणीचे खरे महत्त्व रुळांमधील अंतरात होते. दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात. लॉर्ड डलहौसी यांनी भारतातील प्रमुख मार्गांसाठी साडेपाच फुटांचे, म्हणजे 1676 मिलिमीटरचे, एकच गेज ठरवले होते. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे मार्ग जबलपूरला भेटले तरी मुंबईत भरलेली वाघीण तिथे रिकामी न करता पुढे कलकत्त्यापर्यंत नेणे शक्य झाले. कंपन्यांची हद्द होती, पण ती मालाला जाणवावी असे कारण नव्हते. इंग्लंडमध्ये दोन गेज जिथे भेटत त्या ग्लॉस्टरसारख्या स्थानकांवर माल उतरवून पुन्हा भरताना होणारा गोंधळ त्या पिढीला ठाऊक होता, आणि भारतातील मुख्य मार्गांवर तो टळावा हा डलहौसींच्या निर्णयामागील एक मोठा हेतू होता.

सातपुड्यातील अरुंद रूळ

जो सांधा 1870 मध्ये टळला तो पुढच्या पस्तीस वर्षांत दक्षिणेच्या बाजूने पुन्हा निर्माण झाला. बंगाल नागपूर रेल्वेने 1903 ते 1905 या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूर या वाटेने जबलपूरपर्यंत मार्ग टाकला, परंतु सातपुड्यातील घाट, जंगल आणि त्या काळी अपेक्षित असलेली मर्यादित वाहतूक लक्षात घेऊन तो अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरचा, नॅरोगेज ठेवला. अरुंद गेजमध्ये वळणे अधिक तीव्र घेता येतात, पूल हलके चालतात आणि खर्च कमी होतो; बालाघाट, मंडला, सिवनी, छिंदवाडा या जिल्ह्यांना लोहमार्ग मिळाला तो या काटकसरीमुळेच, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याची किंमत दोन्ही टोकांना मोजावी लागली. जबलपूर आणि गोंदिया या दोन्ही ठिकाणी नॅरोगेजची छोटी वाघीण एका बाजूला, ब्रॉडगेजची मोठी वाघीण दुसऱ्या बाजूला आणि मधल्या धक्क्यावर हमालांची रांग, अशी रचना अपरिहार्य झाली. तांदळाचे पोते असो, लाकडाचा ओंडका असो किंवा मँगनीजचे खनिज, प्रत्येक नग एकदा उतरवायचा, मोजायचा, पुन्हा चढवायचा आणि मोठी वाघीण भरेपर्यंत पुढच्या छोट्या वाघिणींची वाट पाहायची. या व्यवहाराला मालवाहतुकीच्या परिभाषेत ट्रान्सशिपमेंट, म्हणजेच अदलाबदलीची चढउतार, म्हणतात. तिच्यात मजुरी जाते, दिवस जातात, पोती फाटतात, मालाची तूट येते आणि तुटीची जबाबदारी कोणाची यावर वाद उभे राहतात.

उत्तर आणि दक्षिण भारताला जोडू शकणारी ही सर्वांत सरळ वाट त्यामुळे जवळजवळ शंभर वर्षे स्थानिक राहिली, आणि जबलपूरहून दक्षिणेकडे जाणारा सगळा मोठा माल इटारसीच्या वळशाने जात राहिला. गेज बदलण्याचा प्रकल्प 1990 च्या दशकात मंजूर झाला; जबलपूर–नैनपूर भागातील छोटी गाडी 2015 च्या शरद ऋतूत कायमची थांबली; आणि वनक्षेत्रातील परवानग्या, घाटातील बोगदे व पूल यांमुळे लांबलेले काम पूर्ण होऊन 2021 च्या सुमारास गोंदिया ते जबलपूर हा संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज झाला. जबलपूरहून गोंदियामार्गे बल्लारशाहला जाताना इटारसीच्या मार्गाच्या तुलनेत सुमारे पावणेतीनशे किलोमीटर वाचतात. म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रत्येक मालगाडीचा जवळजवळ जबलपूर–नागपूर रस्त्याएवढा फेरा टळू शकतो.

राज्याची सीमा आणि ट्रकचा उदय

जबलपूर आणि नागपूर यांच्यामध्ये राज्याची सीमा नेहमीच होती असे नाही. 1817 पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर नागपूर ही त्याची राजधानी आणि जबलपूर हा त्यातील एक विभाग झाला. स्वातंत्र्यानंतरही 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत दोन्ही शहरे एकाच राज्यात होती. राज्यपुनर्रचनेने 1 नोव्हेंबर 1956 पासून त्यांच्यामध्ये सीमारेषा आली, आणि तिचा त्रास रेल्वेपेक्षा रस्त्याला अधिक झाला. रेल्वे केंद्राची असल्यामुळे वाघिणीला राज्याची हद्द कधीच जाणवली नाही. ट्रकला मात्र परवाना, विक्रीकराची कागदपत्रे, प्रवेशकर, जकात आणि तपासणी नाके यांतून वाट काढावी लागे. तर्काने पाहता या काळात रेल्वेचा वाटा वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तो घटत गेला, कारण नाक्यावर काही तास गेले तरी ट्रक माल घेऊन थेट दुकानाच्या दारात उभा राहत होता, आणि रेल्वेने पाठवलेला माल मालधक्क्यावर येऊन पुन्हा दुसऱ्या वाहनाची वाट पाहत होता.

पुढे रस्त्यावरचे अडथळेही एकेक करून दूर झाले. राष्ट्रीय परवान्यामुळे अनेक राज्यांत एकाच परवान्यावर ट्रक फिरू लागले. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमेवरील कर-नाके उठले. 1 एप्रिल 2018 पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल, म्हणजे मालाची आधीच ऑनलाइन नोंद केलेला परवाना, सुरू झाला. आणि त्याच सुमारास नागपूरकडे जाणारा महामार्ग चौपदरी झाला. सीमा पुसली गेली तेव्हा तिचा लाभ रस्त्याला मिळाला, कारण अडथळा रस्त्यावरच होता. रेल्वेच्या अडचणी सीमेवर नव्हत्या, त्यामुळे त्या जागच्या जागी राहिल्या.

युरोपमध्ये उलट चित्र

युरोपचा अनुभव याच्या शेजारी ठेवला की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. युरोपीय समुदायाची एकल बाजारपेठ 1 जानेवारी 1993 रोजी अस्तित्वात आली आणि सदस्य देशांमधील सीमाशुल्क चौक्या बंद झाल्या. त्या दिवसापासून पोलादाचे सुटे भाग घेऊन निघालेला ट्रक एकच चालक, एकच इंजिन आणि एकाच प्रकारच्या रस्त्यावरून अनेक देश ओलांडू लागला. रेल्वेच्या सीमा मात्र तांत्रिक असल्यामुळे त्या करारावर सह्या करून पुसता आल्या नाहीत. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये लोहमार्गाची वीज 15 किलोव्होल्ट आणि वेगळ्या वारंवारतेची आहे, इटली व पोलंडमध्ये ती 3 किलोव्होल्ट एकदिश प्रवाहाची, तर नेदरलँड्समध्ये दीड किलोव्होल्टची. स्पेनच्या जुन्या जाळ्याचे गेज 1668 मिलिमीटर, बाल्टिक देशांचे 1520, आणि मधल्या बहुतेक देशांचे 1435 मिलिमीटर आहे. सिग्नलच्या पद्धती देशागणिक भिन्न आहेत, आणि ज्या देशातून गाडी जाते त्या देशाची भाषा चालकाला पुरेशी यावी लागते. पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवरील मालाशेविचे येथे आजही कंटेनर एका गेजवरून दुसऱ्या गेजवर उचलून ठेवले जातात, आणि त्यात जबलपूर–गोंदियाच्या जुन्या धक्क्यांचेच यांत्रिक रूप दिसते.

या तांत्रिक सीमा किती कठीण असतात याचे उदाहरण 12 ऑगस्ट 2017 रोजी घडले. जर्मनीतील राश्टाट येथे नव्या बोगद्याचे काम चालू असताना वरच्या चालू लोहमार्गाखालची जमीन खचली आणि कार्ल्सरूह–बाझल हा उत्तर–दक्षिण युरोपचा मुख्य मार्ग सुमारे सात आठवडे बंद राहिला. शेजारी फ्रान्समधून जाणारे पर्यायी रूळ होते. परंतु त्या मार्गाला चालणारी इंजिने आणि फ्रेंच जाणणारे, त्या मार्गाची माहिती असलेले चालक पुरेसे नव्हते, म्हणून बराचसा माल ट्रकवर गेला किंवा जागीच अडकला.

याच खंडात स्वित्झर्लंडने मात्र जिद्दीने वेगळी वाट धरली. 20 फेब्रुवारी 1994 च्या सार्वमतात तेथील मतदारांनी आल्प्स ओलांडून एका सीमेकडून दुसऱ्या सीमेकडे जाणारा माल रेल्वेने नेण्याचे तत्त्व थेट राज्यघटनेत लिहिले. 2001 पासून अवजड वाहनांवर अंतर, वजन आणि प्रदूषण यांच्या प्रमाणात शुल्क लागू झाले. त्या उत्पन्नाचा मोठा भाग आल्प्सखालच्या बोगद्यांना मिळाला आणि 1 जून 2016 रोजी 57 किलोमीटर लांबीचा गॉटहार्ड तळबोगदा खुला झाला. आल्प्स ओलांडणाऱ्या ट्रकची संख्या 2000 साली वर्षाला सुमारे 14 लाख होती, ती पुढे 10 लाखांच्या खाली आली, आणि स्विस आल्प्समधून जाणाऱ्या मालापैकी सुमारे सत्तर टक्के माल आज रेल्वेने जातो. साडेसहा लाख ट्रकचे कायद्यातील उद्दिष्ट तरीही गाठले गेलेले नाही, कारण बोगद्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी देशांतील मार्ग त्याच वेगाने सुधारले नाहीत. साखळीची एक कडी कितीही मजबूत केली तरी उरलेल्या कड्यांवर तिचे बळ ठरते, हे स्वित्झर्लंडने स्वतःच्या खर्चाने सिद्ध केले आहे.

भारताचा आजार वेगळा

भारतीय रेल्वेकडे युरोपला हेवा वाटावा अशा गोष्टी आहेत: एकच मालक, मुख्य जाळ्यावर एकच गेज, 25 किलोव्होल्टची एकच विद्युत पद्धत आणि युरोपात अजूनही हाताने जोडाव्या लागणाऱ्या साखळीऐवजी वाघिणींना आपोआप जुळणारे मजबूत कपलर. तिच्या अडचणी प्रवासाच्या दोन टोकांना आणि वाटेतील थांब्यांवर आहेत. मालगाड्यांचा सरासरी वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास राहतो, कारण त्याच रुळांवरून प्रवासी गाड्यांना आधी सोडावे लागते आणि मालगाडी बाजूच्या लूप मार्गावर तासन्‌तास उभी राहते. एकेरी मार्गावर तर समोरून येणारी गाडी पुढच्या स्थानकात पोहोचेपर्यंत दुसरी निघूच शकत नाही.

दुसरी अडचण आकाराची आहे. वाघिणींच्या पूर्ण जोडणीला रेक म्हणतात आणि बंदिस्त वाघिणींचा आधुनिक रेक सुमारे 4000 टन माल घेतो. 25 टनांचे ट्रक धरले तर हा दीडशेहून अधिक ट्रकांचा माल झाला. कटनी, मैहर आणि सतना भागातील सिमेंट, सिंगरौलीचा कोळसा किंवा अन्न महामंडळाचा गहू यांना हा आकार सहज पेलतो आणि म्हणून त्यांच्यासाठी रेल्वे अजूनही पहिली पसंती आहे. 1980 च्या दशकापासून रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक आवरती घेऊन पूर्ण रेकवर भर दिला. त्यातून वाघिणींचे फेरे वाढले आणि यार्डांमधील वर्गीकरणाचा वेळ वाचला, परंतु ज्या व्यापाऱ्याकडे एका वाघिणीपुरता माल आहे त्याच्यासाठी दार बंद झाले. जबलपूरच्या कछपुरा मालधक्क्यासारख्या ठिकाणी रेक लागला की ठरलेल्या तासांत तो रिकामा करावा लागतो. वाघिणी अडकून राहिल्या तर डेमरेज आणि उतरवलेला माल मुदतीपलीकडे धक्क्यावर पडून राहिला तर व्हार्फेज, असे दोन दंड भरावे लागतात. शिवाय कारखाना ते धक्का आणि धक्का ते गोदाम असा दोनदा ट्रक लागतोच, आणि प्रत्येक वेळी भराई-उतराईची मजुरी वेगळी पडते. नागपूरइतक्या जवळच्या अंतरावर या खर्चात रेल्वेची सगळी बचत बुडते.

जबलपूरचा हिरवा वाटाणा या गणिताचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. हिवाळ्यात पाटण, शहपुरा या पट्ट्यातून तो मोठ्या प्रमाणावर बाजारात येतो. तोडल्यानंतर शेंगांमधील साखर काही तासांतच पिठूळ स्टार्चमध्ये बदलू लागते, ढिगाच्या आत उष्णता साठते आणि रंग उतरतो, म्हणून संध्याकाळी भरलेली पोती दुसऱ्या दिवशीच्या बाजारात पोहोचणे भाग असते. असा माल निश्चित वेळापत्रकाशिवाय रेल्वेकडे येणार नाही. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरकडे निघालेली पहिली किसान रेल्वे इटारसी, जबलपूर, कटनी याच वाटेने गेली आणि तिने दाखवून दिले की पार्सलच्या डब्यांतून, मधल्या स्थानकांवर थोडा थोडा माल घेत, वेळापत्रकाने धावणारी मालगाडी महाराष्ट्रातील शेतमालाला मध्य प्रदेश आणि बिहारच्या बाजाराशी जोडू शकते. भाज्या व फळांच्या भाड्यातील पन्नास टक्के सवलतीचा तिला मोठा आधार होता. तरीही पूर्ण रेकचा आग्रह सोडला तर लहान उत्पादक रुळांकडे वळतो, ही तिची शिकवण टिकाऊ आहे.

आणखी एक उपाय मराठी मुलखातच सिद्ध झालेला आहे. कोकण रेल्वेने 26 जानेवारी 1999 रोजी कोलाड आणि गोव्यातील वेर्णा यांच्या दरम्यान रो-रो सेवा सुरू केली, जिच्यात भरलेला ट्रक चालकासह सपाट वाघिणीवर चढतो आणि दुसऱ्या टोकाला स्वतःच्या चाकांवर उतरून निघून जातो. मालाला हात लागत नाही, महामार्गावरची घाटवळणे टळतात आणि डिझेल वाचते. ट्रकचे स्वतःचे वजनही वाहून न्यावे लागते, हा तिचा तोटा आहे. कंटेनरमध्ये हा तोटा टळतो, कारण फक्त पेटी उचलली जाते. पण त्यासाठी क्रेन, पक्के आवार आणि नेमाने सुटणाऱ्या गाड्या लागतात, आणि या तिन्ही सोयींना जबलपूर–गोंदिया पट्ट्यात मोठा वाव आहे.

या वाटेचे एक उत्तरदायित्वही आहे. नैनपूर–बालाघाट भागातील लोहमार्ग कान्हा आणि पेंच या व्याघ्रप्रकल्पांना जोडणाऱ्या वनपट्ट्यातून जातो. पेंचजवळ महामार्गाखाली वन्यप्राण्यांसाठी मोठी भुयारे बांधल्यावर वाघांसह अनेक प्राणी ती वापरत असल्याचे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. दुसरीकडे गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावर वाघांचे बळी गेले आहेत. ट्रक कमी झाले म्हणून जंगल आपोआप सुरक्षित होत नाही. भुयारे, रात्रीची वेगमर्यादा आणि गस्त यांची तरतूद मालगाड्या वाढण्याआधी व्हायला हवी.

गेजचा सांधा जबलपूरने भरून काढला आहे, आणि युरोप ज्या दुरुस्तीसाठी अजून झगडतो आहे ती या वाटेवर झालेली आहे. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया–बल्लारशाह मार्गाच्या दुहेरीकरणाला आणि त्याच वर्षीच्या जुलैत इटारसी–नागपूर चौथ्या मार्गाला मंजुरी दिली, त्यामुळे दक्षिणेकडील क्षमताही वाढेल. उरलेली कामे कमी भपकेबाज आहेत: गोंदिया–जबलपूर या एकेरी टप्प्याला दुसरा रूळ, कछपुरा आणि गोंदिया येथे कंटेनर हाताळणारे आधुनिक आवार, अर्ध्या रेकपुरता किंवा काही वाघिणींपुरता माल स्वीकारणाऱ्या वेळापत्रकी गाड्या, आणि धक्का ते दुकान हा शेवटचा टप्पा रेल्वेच्याच एका पावतीत बसवणारी व्यवस्था. स्विस मतदारांनी आपले तत्त्व ज्या ठामपणे घटनेत लिहिले आणि त्यासाठी पैसा कोठून येणार हेही ठरवले, तोच ठामपणा इथे या छोट्या दिसणाऱ्या कामांना मिळाला पाहिजे. कारण व्यापारी रेल्वेची निवड करील ती माल ठरल्या वेळी दारात मिळण्याची खात्री पटल्यावरच.